दोरीचं मागचं टोक

एका जिल्ह्याच्या पोलीस लाइनीतून पत्र आलंय. नाव, गाव, पथक काहीही छापू नका असं लिहिणाऱ्या ताईंनी दोनदा बजावलंय, म्हणून मजकूर माझ्या शब्दांत थोडक्यात देते.

त्यांचे यजमान बॉम्बशोधक व नाशक पथकात श्वान हस्तक, म्हणजे डॉग हँडलर, आहेत. त्यांच्याकडे एक लॅब्रॉडोर होती. पिल्लू असताना पुण्याला ट्रेनिंगला घेऊन गेले, तेव्हापासून ती त्यांच्याच हाताखाली वाढली. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. त्या दिवशी यजमान आषाढीच्या बंदोबस्ताला पंढरपुरात होते, शेवटी तिच्याजवळ दुसरा हँडलर होता. साहेब आले, हार घातला, मानवंदना झाली, मुख्यालयाच्या आवारात तिला पुरलं. तेव्हापासून यजमान धड जेवत नाहीत. पहाटे उठतात, रिकाम्या केनेलपर्यंत जातात आणि परत येतात. पथकातले म्हणतात, नवीन पिल्लू घे, विसरशील. हे म्हणतात, पथकच सोडतो. तिच्या नावाची एक फरशी बसवावी असं त्यांच्या मनात आहे, तर सासूबाई म्हणतात, कुत्र्यासाठी कुणी एवढं करतं का, समाधी बांधून गावात हसं करून घेऊ नकोस. आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईत: ‘माझे सासरे गेले तेव्हाही हे असे रडले नव्हते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तर नाहीच. ताई, मी एका कुत्रीचा हेवा करतेय का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

वेगळ्या शाईतली ओळ आधी घेते. हो, हेवा वाटत असेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं तुमचे यजमान पहाटे घरातून निघाले ते आधी तिच्याकडे गेले. माहेरचं लग्न असो नाहीतर दिवाळी, ‘डॉगला कोण बघणार’ या वाक्यावर विषय संपत असणार. तिचं खाणं तेच घालणार, कारण दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही ही तिला शिकवण. तिचे केस विंचरणार, कान तपासणार, पंजे पुसणार. तुमचं डोकं दुखत असलं तर ते तुम्हाला सांगावं लागायचं, तिचं पोट बिघडलेलं त्यांना न सांगता कळायचं. याचा राग येणारच.

पण रडण्याचा हिशेब मांडू नका. सासरे गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आलं ते आठवून बघा. दहावं, बारावं, पाहुण्यांची सोय, मृत्यूचा दाखला, आईला सांभाळणं. आपल्याकडे मुलग्याला बापासाठी रडायला वेळ कुणी ठेवत नाही, आणि अंगावर खाकी असेल तर विचारायलाच नको. साठलेलं रडू मग कुठल्या निमित्तानं बाहेर येईल ते सांगता येत नाही. आत्ता जे येतंय त्यात तुमच्या सासऱ्यांच्या वाट्याचंही असेल. तुमची तक्रार खरी आहे आणि ती एक दिवस त्यांच्याजवळ बोलाच. फक्त दिवाळी जाऊ द्या.

आता त्यांचं बघू. ‘म्हातारी झाली होती, गेली’ असं सगळे म्हणतात त्यांना ते काम काय असतं ते ठाऊक नाही. तुम्हालाही त्यांनी घरी सगळं सांगितलं नसेल, मुद्दामच.

एस.टी. स्टँडवर बेवारस बॅग सापडते. गर्दी मागे हटवतात, अधिकारीही लांब थांबतात. मग एक माणूस आणि एक डॉग पुढे निघतात, आणि त्या दोघांत पुढे डॉग असते. मागचा माणूस दोरीचा ताण हातात तोलत तिचे कान बघतो, शेपटी बघतो, श्वास ऐकतो. स्फोटकं शोधणाऱ्या डॉगला वास लागल्यावर भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, गुपचूप बसायचं, असं शिकवलेलं असतं. ती बसली की मागच्याच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा बॅगेत जेवणाचा डबा आणि टॉवेल निघतो. पण निघेपर्यंत कुणाला माहीत असतं? तिला तर तो खेळच वाटतो, कारण वास शोधला की चेंडू मिळतो. त्या बॅगेत काय असू शकतं हे दोघांपैकी एकालाच कळत असतं, आणि तोच तिला पुढे पाठवत असतो.

वर्षानुवर्षं आपल्या जिवाआधी दुसऱ्या एका जिवाला पुढे करायचं, तोही आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारा. हे ऋण सही करून फेडता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जम्मूच्या राजौरी भागात अतिरेक्यांचा माग काढताना केंट नावाची लष्कराची लॅब्रॉडोर गोळी लागून गेली. आपल्या हँडलरला वाचवताना ती गेली असं लष्करानं सांगितलं, तिरंग्यात गुंडाळून तिला निरोप दिला. ते हँडलर वाचले. वाचलेल्या माणसाच्या डोक्यात पुढे काय चालतं, ते बातमीत येत नाही. तुमच्या यजमानांची डॉग गोळीनं गेली नाही, आजारानं गेली. तरी ते दर संध्याकाळी घरी परत येत होते यात तिचा वाटा होता, हे ते विसरू शकत नाहीत. तुम्हीही विसरू नये असं मला वाटतं.

त्यात भर म्हणजे ते पंढरपुरात होते. जिनं आपल्याला कधी एकटं सोडलं नाही, तिच्या शेवटच्या घटकेला आपण नव्हतो, आणि वर ‘आजार मला आधी का दिसला नाही’ हेही आहे. या दोन्हींसाठी तुम्ही काही करू शकता. तिच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांकडे त्यांना एकदा घेऊन जा, जाताना तिचे तपासणीचे कागद न्या. कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात बाहेर लक्षणं दिसेपर्यंत आतलं बरंचसं काम बंद पडलेलं असतं. ही गोष्ट बायकोनं सांगितली तर समजूत वाटते, डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून सांगितली तर पटते. दुसरं, त्या दुसऱ्या हँडलरला एका रविवारी जेवायला बोलवा. ती कशी गेली, शेवटी काय केलं, कुणाच्या मांडीवर डोकं ठेवलं, हे तुमच्या यजमानांनी अजून विचारलेलं नसणार आणि त्यानंही आपणहून सांगितलेलं नसणार. दोघंही एकमेकांना टाळत असतील. त्याचीही ती डॉग होतीच की. तुम्ही फक्त वाढा आणि मध्ये बोलू नका.

सासूबाईंच्या ‘कुणी एवढं करतं का’ या प्रश्नाकडे येते. माणूस गेला की आपल्याकडे पुढचे दिवस ठरलेले असतात. लोक येऊन बसतात, शेजारून पिठलं-भात येतो, कामावर कुणी बोलावत नाही. सुतक कुणाला जाचक वाटतं, पण त्या दिवसांत दुःख करायला हक्काची जागा मिळते. डॉगचं सुतक नसतं. दुपारी पुरलं, दुसऱ्या दिवशी हजेरीला उभं राहायचं. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही ते माणसाला जास्त आतून पोखरतं, असं केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये मांडलं होतं. पोलीस लाइनीत राहणाऱ्या तुम्हाला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, घरातच दिसतंय.

आणि समाधीची सासूबाईंना लाज वाटत असेल, तर त्यांना आतकूरची गोष्ट सांगा. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात हे गाव आहे. तिथला हजार वर्षांहून जुना, इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख आता बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी चोळांना हरवलं, त्या लढाईत मणलेर नावाच्या योद्ध्यानं पराक्रम केला. राजा खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. मणलेरानं राजाकडचा काळी नावाचा कुत्रा मागितला. गाव नाही, सोनं नाही, कुत्रा! पुढे एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेली. मणलेरानं काळीच्या नावे देवळासमोर दगड उभा केला, आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. त्या दगडावर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरलेले आहेत. एवढा मोठा लढवय्या, त्याला कुणी हसलं असेल असं वाटत नाही. (रायगडावरच्या वाघ्याचं नाव मी मुद्दाम काढत नाही. त्या वादात तुमच्या घरातलं दुःख हरवून जाईल.)

आता सन्मानाबद्दल जरा स्पष्ट बोलते. जंजीर तुम्हाला माहीत असेलच. मुंबई पोलिसांचा लॅब्रॉडोर. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं मुंबई-ठाणे परिसरात दडवलेली स्फोटकं हुंगून काढली. नोंदीत ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर आहेत, शिवाय हातबॉम्ब आणि हजारो काडतुसं. हाडांच्या कर्करोगानं १६ नोव्हेंबर २००० रोजी तो गेला, तेव्हा त्याला इतमामानं निरोप दिला. फुलांनी झाकलेला जंजीर आणि त्याला पुष्पचक्र वाहणारे वरिष्ठ अधिकारी, हा फोटो दरवर्षी मार्च महिन्यात मोबाइलवर फिरत येतो. छान आहे फोटो. पण जंजीरची दोरी ज्यांच्या हातात होती त्यांची नावं तो पुढे पाठवणाऱ्या किती जणांना सांगता येतील?

२६/११ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका फार्मवर राहायला गेले. चौघेही २०१६ या एकाच वर्षात गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात. सोबती गेल्यावर तो मलूल झाला होता असं त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. बघा, मुक्या जनावराला सोबत्याचं दुःख झालं हे आपण हळहळून वाचतो, आणि हवालदाराला झालं की त्याला नवीन पिल्लू घे म्हणून सांगतो.

मानवंदना महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. लष्करानं ॲक्सेल आणि झूम या काश्मीरमध्ये २०२२ साली गेलेल्या दोन डॉगना युद्धवृत्तात नावानिशी गौरवलं, ते योग्यच झालं. केरळ पोलिसांनी त्रिशूरच्या अकादमीत निवृत्त डॉगसाठी ‘विश्रांती’ नावाचं घर काढलंय, असं आपल्याकडेही व्हायला हवं. पण सलामी पाच-दहा मिनिटांत उरकते आणि साहेबांची गाडी निघून जाते. हँडलरचा खरा वाईट वेळ दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होतो. हात आपोआप ब्रशकडे जातो आणि समोर कुणी नसतं. तुमचे यजमान पहाटे केनेलकडे जातात त्याची म्हणूनच मला काळजी वाटत नाही. शरीराला लागलेली सवय आहे, ती हळूहळू सुटेल. त्यांना अडवू नका. जमलं तर एखाद्या दिवशी बरोबर चालत जा, आणि वाटेत तिचा एखादा किस्सा विचारा. इतकी वर्षं तुम्ही तिच्याबद्दल ऐकायला कंटाळत होता ना? आता विचारलंत तर ते बोलतील.

फरशी जरूर बसवा, पण आधी पथकप्रमुखांची परवानगी घ्या, आवार सरकारी आहे. आणि तिच्यावर ‘निष्ठावान’, ‘शूर’, ‘अमर’ असले शब्द नकोत. असे शब्द प्रत्येक फलकावर असतात. तिचं नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख, सेवेची वर्षं, आणि ती कुठे कुठे कामाला गेली त्यांतल्या दोन-तीन ठळक नोंदी. खाली दोन्ही हँडलरांची नावं हवीतच. त्या नोंदींसाठी तुमच्या यजमानांना पथकातली जुनी रजिस्टरं काढून बसावं लागेल, आणि मला वाटतं फरशीपेक्षा त्या बसण्याचाच त्यांना जास्त उपयोग होईल. आपण दोघांनी मिळून काय काय केलं ते सलग वाचायला मिळेल. आत्ता त्यांना फक्त शेवटचा आठवडा दिसतोय.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैनिकांच्या हल्ल्यात आपले १० पोलीस जवान गेले, त्यांच्या आठवणीत. त्या दिवशी परेडमध्ये वर्षभरात गेलेल्या पोलिसांची नावं वाचतात. त्यात डॉगचं नाव वाचा अशी मागणी कुणी करेल. मला ती पटत नाही. समोरच्या खुर्च्यांवर ज्यांचा मुलगा किंवा नवरा गेलाय ती माणसं बसलेली असतात, त्यांच्या मनाचा विचार आधी. पण परेड संपल्यावर पथकाच्या आवारात, पथकापुरतं, तिच्या जागेवर फूल ठेवून तिचं नाव घ्यायला कोण अडवणार आहे? त्याला जीआर लागत नाही.

नवीन पिल्लाचं काय करायचं? आत्ता घेऊ नका, आणि पथक सोडण्याचा अर्जही आत्ता देऊ नका. ताज्या दुःखात घेतलेलं पिल्लू दिवसभर मेलेल्या डॉगशी तोललं जातं. ‘तिला हे एकदा सांगितलं की कळायचं’ हे वाक्य त्या बिचाऱ्याला ट्रेनिंगभर ऐकावं लागेल, आणि हँडलरच्या मनातली नाराजी दोरीतून पिल्लाला बरोबर कळते. उलट बाजूनं, पथक सोडलं तर इतक्या वर्षांत हाताला आलेली ती जाण एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत वाया जाईल. मधला रस्ता आहे. एका डॉगमागे सहसा दोन हँडलर असतात. सध्या पथकातल्या दुसऱ्या एखाद्या डॉगचे दुय्यम हँडलर म्हणून काम करू द्या, अशी विनंती त्यांनी पथकप्रमुखांना करावी. दुसऱ्याच्या डॉगला खाऊ घालताना, फिरवताना हात परत कामाला लागतात, आणि कुणाची जागा कुणाला दिली असं वाटत नाही. वर्षभरानं पुण्याला पिल्लू घ्यायला जायचं की नाही ते तेव्हा ठरवता येईल. घरी पाळायला कुत्रा आणायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो मात्र पूर्ण सोडा. त्यांना पाळीव कुत्रा हवा होता म्हणून ते दुःखी नाहीत.

मुलाला तिच्याबद्दल खरं सांगा. ‘ट्रेनिंगला गेलीय’ असं सांगितलंत असं लिहिलंय, ते पहिल्यांदा दुरुस्त करा, नाहीतर लाइनीतलं दुसरं पोर सांगेल.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. दुःख आहे तोवर वाट बघता येते. पण झोप पूर्ण उडाली, दारू सुरू झाली किंवा वाढली, ‘मी नसतो तर बरं’ असं काही त्यांच्या तोंडून आलं, तर थांबू नका. पथकप्रमुखांना विश्वासात घ्या आणि त्यांच्याकडचं सर्व्हिस पिस्तूल काही दिवस शस्त्रागारात जमा राहील असं बघा. त्यात त्यांचा अपमान नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ते फोन करणार नसतील तर तुम्ही करा आणि कसं वागायचं ते विचारा.

शेवटी पट्ट्याचं. तिचा पट्टा ते खिशात घालून फिरतात आणि स्टोअरचा कारकून तो जमा करा म्हणून मागे लागलाय, असं तुम्ही लिहिलंय. कारकुनाची चूक नाही, पट्टा सरकारी मालमत्तेत नोंदलेला आहे. पण वापरून जीर्ण झालेल्या वस्तू निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची, पद्धत प्रत्येक कार्यालयात असते. ‘सदर पट्टा निर्लेखित करून स्मृती म्हणून हस्तकास देण्यात यावा, त्याची किंमत भरण्यास तयार आहे’ असा साध्या कागदावर अर्ज करा आणि त्यावर दुसऱ्या हँडलरचीही सही घ्या. तोवर पट्टा जमा करून पावती घ्या, म्हणजे तो हरवणार नाही. अर्ज फेटाळला तर मला कळवा, वरच्या कार्यालयाला द्यायचं पत्र मी लिहून देईन.